डाव्या कानाला हात

कुठलाही डबा उघडण्याआधी झाकणावर तीनदा टकटक करायची मला खोड आहे. माझ्या लहानपणी आमच्या तांदळाच्या डब्यातून विंचू निघाला होता. तेव्हापासून आई टकटक करायची, म्हणून मीही करते. टकटक ऐकून विंचू पळतो की उलट नांगी उभारून सावध बसतो, हे मला आजही ठाऊक नाही. मी प्राणिशास्त्राची पदवीधर आहे, पण हे शोधायला काही कधी गेले नाही.

त्या मंगळवारी सकाळी फुटकानी पेटीपाशी आली, माझ्याकडे एकदा बघितलं, उजवा हात उचलला आणि झाकणावर टक, टक, टक केलं. मग कडी सरकवली, आतला केळ्याचा तुकडा घेतला आणि शेपटी उंच करून निघून गेली.

मला हसू आलं. ते ओठांवरच राहिलं, कारण फुटकानी ही माकडीण आहे.

धामणखोल हे आमचं गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी, गोव्याच्या हद्दीला लागून आहे. पंचेचाळीस माकडांचा एक कळप इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि फुटकानी त्यातली थोरली. डावा कान कुठल्याशा भांडणात फाटलेला, म्हणून मीच तिला हे नाव ठेवलं. माझं नाव हर्षदा राऊळ. नवरा बोटीवर, मी पाच वर्षांच्या रेवूला घेऊन माहेरी भावाकडे राहते. काम विचाराल तर माकडांना लस खाऊ घालणे. गावात मला ‘माकडांची नर्स’ म्हणतात, आणि म्हणणारे मागे हसतातही.

हसण्यासारखं काम नव्हतं ते. आमच्याकडे माकडताप आहे. गोचीड माकडाला चावते, माकड तापाने मरतं, त्याच्या अंगावरच्या गोचिडी उपाशी पडतात आणि काजू वेचायला गेलेल्या माणसांना धरतात. मग माणसं मरतात. म्हणून तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका संशोधन केंद्राने ठरवलं, की आधी माकडांनाच लस द्यायची. पारदर्शक पेट्या ठेवायच्या, आत लसीचं केळं, बाहेर सरकवायची कडी. कुठल्या माकडाने डोस घेतला याची नोंद पेटीच करते. मी पेट्या भरते, कॅमेरे सांभाळते, मेलेलं-जन्मलेलं कळवते. मुलं नाहीत म्हणून बंद पडलेल्या आमच्या शाळेची एक खोली हे माझं ऑफिस. पहिल्या वर्षानंतर गावात तापाचा एकही रोगी नाही. मला त्याचा अभिमान होता, तो लपवत नाही.

मी डॉ. हुद्दारांना फोन लावला. लस त्यांची.

“टकटक? माकडं करतात तसं कधीकधी,” त्या म्हणाल्या. “आत काही आहे का, याचा अंदाज घेतात.”

“मॅडम, पेटी पारदर्शक आहे.”

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“हर्षदा,” त्या म्हणाल्या, “हे अजून कुणाला सांगू नका.”

त्या का घाबरल्या, हे समजण्यासाठी एक जुना प्रयोग माहीत हवा. नेमणुकीच्या वेळी त्यांनीच तो आम्हाला शिकवला होता. पेटीत खाऊ ठेवायचा. मग चिंपांझीसमोर पेटीवर काठी आपटायची, काठी गोल फिरवायची आणि शेवटी दार उघडून खाऊ काढायचा. पेटी पारदर्शक असेल तर चिंपांझी ओळखतो, की काठीचा आणि खाऊचा काही संबंध नाही. तो काठी सोडून देतो आणि सरळ दार उघडतो. हाच प्रयोग माणसाच्या मुलासमोर करा. मूल काठी आपटतं, फिरवतं, मग दार उघडतं. काठीची गरज नाही हे त्याला दिसत असतं, तरी करतं. मोठ्यांनी केलं ना, मग त्यात काहीतरी असणार!

प्रशिक्षणाच्या वेळी आम्ही सगळे हसलो होतो, की मग शहाणं कोण? तेव्हा हुद्दार मॅडमनी डोंगरातल्या कडू कांद्याची गोष्ट सांगितली. तो कंद विषारी. रानातल्या बायका त्याच्या चकत्या करतात, राख लावून उकडतात, टोपलीत घालून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात, आणि मगच पोरांना खाऊ घालतात. यातल्या कुठल्या पायरीने विष जातं हे त्यांच्यातल्या कुणालाही विचारा. ती सांगेल, आई करायची. जी शहाणी कारण कळेपर्यंत थांबली किंवा तिला निरुपयोगी वाटलेली पायरी जिने गाळली, तिची पोरं आजारी पडली. “चिंपांझीला कारण लागतं, आपल्याला लागत नाही,” मॅडम म्हणाल्या होत्या. “आपण न कळलेलंही जसंच्या तसं पुढे देतो. म्हणून आपल्याकडे शेती आहे, भाषा आहे, औषधं आहेत. माणसाचं वेगळेपण हुशारीत शोधू नका. ते या गिरवण्यात आहे.”

आणि आता फुटकानी गिरवत होती.

दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला. आवाज बसलेला. हा ताप मेंदूत शिरतो, म्हणून लसीबरोबर एक जनुकही पाठवलं होतं, मेंदूच्या पेशींची डागडुजी करणारं. डागडुजीला बोलावलेला गवंडी कधीकधी न विचारता भिंतीत खिडकी पाडून जातो, तसं काहीतरी झालं असावं, असं त्या म्हणाल्या. पण एका माकडावरून काही ठरत नाही. “तुम्ही एखादी अगदी निरर्थक कृती निवडा. रोज पेटी उघडण्याआधी करा. बघू.”

मी काय निवडलं? डाव्या कानाला हात. का निवडलं ते विचारू नका, सुचलं ते केलं. टकटक, मग डाव्या कानाला हात, मग कडी.

सोमवारी दोन माकडांनी कानाला हात लावला, बुधवारी नऊ जणांनी. शुक्रवारी एकतीस माकडं शिस्तीत येऊन टकटक करत होती, कानाला हात लावत होती आणि केळं घेऊन जात होती. फुटकानी आपल्या फाटक्या कानाला हात लावायची. नोंदवहीत आकडे लिहिले आणि चित्रण लावून पुन्हा मोजले. आजूबाजूला इतकी माकडं आणि एकही दंगा नाही, ही गोष्ट ज्याने माकडं पाहिली आहेत त्याला कळेल.

घरी आले तर रेवू ओसरीवर खाऊचा डबा घेऊन बसली होती. झाकणावर टक, टक, टक. डाव्या कानाला हात. मग झाकण उघडलं. ती एकदा माझ्याबरोबर पेट्यांकडे आली होती, तेवढंच.

“कानाक हात कशाक गो लावतंस?” मी विचारलं.

“तसाच करतत,” ती म्हणाली. एवढंही आईला कळू नये, असा तिचा चेहरा.

मी तिला जवळ घेतलं आणि उगाचच घट्ट धरून बसले.

*

त्यानंतरच्या आठवड्यात तीन माकडं मेली.

भाईच्या केळीच्या बागेखाली, पाटाच्या कडेला पडली होती. तोंडाला फेस. ताप नव्हता तो, मला लांबूनच कळलं. भाई म्हणजे माझा थोरला भाऊ भालचंद्र. वडील गेल्यावर त्यानेच मला शिकवलं, रेवूला तर बोट धरून चालायला त्यानेच लावलं. मुंगी मारताना चुकचुकणारा माणूस.

बागेच्या हद्दीवर फणसाखाली एक काळा धोंडा आहे. तो आमचा देवचार. वाडीची राखण करतो. त्याच्यासमोरच्या झाडावर माझा कॅमेरा होता, भाईला तो माहीत नव्हता. मी चित्रण लावलं.

भाई मांगरातून, म्हणजे बागेतल्या खोपटातून, एक डबा घेऊन आला. कधीकाळी फवारणीसाठी आणलेली, नंतर बंदी आलेली पांढरी पूड. त्याने केळ्याला सालीसकट चीर दिली. फणसाचं वाळकं पान दुमडून त्याने पूड आत सोडली, बोट लावलं नाही. साल दाबून बंद केली. केळं धोंड्यावर ठेवलं. मग पाटावर बसून हात मातीने खसखसून घासले, तीनदा धुतले. आणि परत येऊन देवचारासमोर हात जोडले. डोळे मिटून तो बराच वेळ पुटपुटत होता.

चित्रात वर, फणसाच्या फांदीवर, एक शेपटी लोंबत होती. तेव्हा मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

“भाई, ह्या काय केलंस तू?” मी खळ्यात त्याला गाठलं.

त्याने नाकारलं नाही. “केलंय. देवचाराक सांगान केलंय. क्षमा मागलंय.”

“तीन माकडां मेली!”

“आणि माजी बाग? तुका माकडां दिसतत, माका माजी बाग दिसता. तुमची लस आणि तुमचो कॅमेरो. माकडां धष्टपुष्ट, आणि आमी काय खावचा?”

“तुका जेलात घालतीत.”

त्याने खांद्यावरचं फडकं काढून तोंड पुसलं. वडील गेले त्या दिवशी पुसलं होतं, तसंच. तिथेच मी विरघळले. म्हटलं, शपथ घे. त्याने रेवूच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. डबा टाक म्हटलं, तर म्हणाला, टाकतंय.

मी ते चित्रण पुसलं. अहवालात ‘मृत्यूचे कारण अज्ञात’ असं लिहिलं. आपला तो बाब्या म्हणतात ते खोटं नाही. कायद्याने मी गुन्हेगार झाले. बहीण म्हणून मला त्या रात्री शांत झोप लागली, याची लाज मला आज वाटते.

भाईने शपथ पाळली. डबा मात्र टाकला नाही. मांगराच्या माळ्यावर ठेवून दिला, पुढेमागे वाळवीला उपयोगी पडेल म्हणून. आमच्याकडे वस्तू टाकायचं जिवावर येतं. मांगराला कुलूप कधीच नव्हतं. दाराला कडी होती, सरकवायची.

दुसऱ्या दिवसापासून माकडं पेट्यांवर यायची थांबली. एक दिवस, दोन, तब्बल नऊ दिवस. केळी आत काळी पडली. झाडावर सळसळ व्हायची, वर बघावं तर पानांआड तोंडं. ओरडणं नाही, फांद्या हलवणं नाही. मी पाणी भरत असले तरी बघत, धुणं वाळत घालत असले तरी बघत. शाळेत मुलं फळ्याकडे अशीच बघायची. मी रेवूला एकटीने अंगणात सोडणं बंद केलं.

“मांगराचा दार उघडा कशाक रे?” एकदा मी भाईला विचारलं.

“वाऱ्यान उघडला असतला,” तो म्हणाला.

वारा नव्हता. पण मला ते जाणवलं नाही, किंवा जाणवून घ्यायचं नव्हतं.

*

आमच्या घरची रीत अशी. शनिवारी संध्याकाळी देवचारापुढे केळ्यांचा फणा ठेवायचा. रविवारी सकाळी घरच्या कर्त्याने गाऱ्हाणं घालायचं आणि फण्यातलं पहिलं केळं घरातल्या सर्वांत लहानाच्या हातात द्यायचं. रात्रीत माकडांनी फणा नेला, तर मागे उरलेलं एखादं केळंही चालतं. जाताना पाय अनवाणी आणि खिसे रिकामे हवेत, म्हणून भाई मोबाइल घरी ठेवतो. शेंडेफळ अर्थात रेवू.

त्या रविवारी मी सकाळीच शाळेच्या खोलीत बसले होते. फणसासमोरच्या कॅमेऱ्यापुढे काही हललं की फोनवर चित्र यावं, अशी सोय मी आता करून घेतली होती. फोन वाजला.

फुटकानी धोंड्यासमोर बसली होती. फणा गायब, बहुतेक झाडावर गेला असेल. एकच केळं राहिलं होतं, ते तिच्या मांडीवर. नखाने तिने सालीला चीर दिली. शेजारी पांढरा डबा होता. तिच्या हातात दुमडलेलं पान होतं. फणसाचं, वाळकं.

पुढच्या चित्रात साल दाबून बंद केलेली. त्याच्या पुढच्यात केळं धोंड्यावर. मग ती पाटावर दिसली, हात मातीत घासताना. तेवढ्या भीतीतही माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माती का घासायची हे तिला ठाऊक नव्हतं. त्या मातीनेच तिला वाचवलं होतं. एखाद्या हुशार माकडाने ती पायरी गाळली असती, बोटं चाटली असती आणि तिथेच मेलं असतं.

शेवटच्या चित्रात तिने हात जोडले होते. मागे कळप ओळीने बसला होता. आणि तिच्याजवळ टिकली होती, तिचं चार महिन्यांचं पिल्लू. टिकलीचा एकच हात वर होता. फुटकानीने तिचा दुसरा हात धरून पहिल्याला जुळवला होता.

भिंतीवरच्या घड्याळात साडेआठ वाजले होते. गाऱ्हाण्याची वेळ साडेआठची.

मी भाईला फोन लावला. रिंग घरच्या फळीवर वाजत राहिली असणार. मी फोन फेकला आणि धावले.

शाळेपासून फणसापर्यंत चालत पंधरा मिनिटांची वाट आहे. मी कशी गेले ते मला आठवत नाही. चप्पल कुठे सुटली, दंड कशाने फाटला, काही नाही. ऐकू येत होता तो फक्त भाईचा आवाज, आधी लांबून, मग जवळून.

“बा देवचारा म्हाराजा! ह्या वाडीची तू राखण करतंस, लेकराबाळांका सांभाळतंस...”

“व्हय म्हाराजा!” रेवूचा आवाज.

“काय चुकला माकला असात ता पदरात घे, आणि ह्या लेकराक उदंड आयुष्य दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मी वळणावर पोचले तेव्हा भाईने केळं उचलून तिच्या हातात दिलं. मला ओरडायचं होतं, पण छातीत हवाच उरली नव्हती. तोंडातून नुसती घरघर आली. मध्ये चढ होता, पन्नास पावलं तरी.

रेवूने केळं घेतलं. घेतलं आणि परत धोंड्यावर ठेवलं.

दोन्ही हात मोकळे केले. धोंड्यावर टक, टक, टक. मग डाव्या कानाला हात. मग डोळे मिटून नमस्कार.

“खा गो बेगीन,” भाई हसत म्हणाला. “खेळ कसले करतंस?”

तिने ऐकलं नाही. नमस्कार मनासारखा झाला नसावा, म्हणून पुन्हा केला. मग सावकाश केळं उचललं आणि साल सोलायला घेतली. मोठा माणूस असता तर एव्हाना अर्धं केळं पोटात गेलं असतं.

मी तिच्या हातावर फटका मारला. केळं दगडावर आपटून फुटलं आणि आतून पांढरी पूड सांडली. रेवू हंबरडा फोडून रडायला लागली. मी तिचे हात पाटात बुडवून मातीने घासत राहिले, घासत राहिले, लाल होईपर्यंत.

भाई त्या पुडीकडे बघत होता. त्याने ती ओळखली. “मी नाय गो,” तो म्हणाला. “हर्षू, रेवूची शपथ, मी नाय!”

मी वर बोट दाखवलं. फणसावर बेचाळीस माकडं बसली होती. एकही हललं नाही. सगळी आमच्याकडे बघत होती.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉ. हुद्दार आल्या. मी सगळं सांगितलं, पुसलेल्या चित्रणासकट. मला वाटलं, ओरडतील. त्या खाली जमिनीवरच बसल्या. भाई न सांगता वनखात्याच्या कचेरीत जाऊन जबाब देऊन आला होता. जामिनावर सोडलेला, तो दाराशी उभा होता.

“सूड घेतल्यानी त्यांनी,” तो म्हणाला.

“सूड असता तर बरं झालं असतं,” मॅडम म्हणाल्या. “सूड घेणाऱ्याचं एकदा समाधान होतं. यांना राग नाही, हेतूही नाही. माणसं फळ असं ठेवतात, एवढंच त्यांना कळलंय.”

“मी शिकवलंय ता त्यांका,” भाई म्हणाला. “माज्याच हातान.” आणि बाहेर जाऊन बसला.

मॅडम टिकलीच्या चित्रापाशी थांबल्या होत्या. तो चिमुकला हात आणि त्याला जुळवणारा आईचा हात.

“माकडीण पिल्लाला बघू देते, हात धरून शिकवत नाही. आणि या पिल्लाला लस कधी दिली?”

“दिलेलीच नाही. लहान आहे.”

त्यांनी चष्मा काढला. “मग हे तिच्यात आलं कुठून? दुधातून आलं असेल तर लस आपोआप पसरतेय. नुसत्या शिकवण्यातून आलं असेल तर आता लसीची गरजही उरली नाही.”

संध्याकाळी लसीच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या वरच्या समितीचा आदेश आला. कळप नष्ट करावा. गोळीबाराने कळप फुटून पांगेल, सबब विषारी केळी ठेवावीत. मी तो मोठ्याने वाचला आणि शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. माकडाच्या हाती कोलीत देऊ नये म्हणतात, आम्ही त्यांना कोलीत करायची शाळा काढत होतो.

“बेचाळीसपैकी एक जरी उरलं तरी?” मॅडम म्हणाल्या. “ते कुठल्या गावात जाऊन हात जोडेल?” त्यांनी रात्रीतून कुणाकुणाला फोन केले, आणि आठ दिवसांची मुदत मिळवली. “मारून हे पुसलं जाणार नाही, हर्षदा. याच्यावर दुसरं काहीतरी गिरवावं लागेल. ती तुमच्याकडेच बघून शिकतात.”

रेवूला मी सासूबाईंकडे सावंतवाडीला पाठवलं. जाताना तिने विचारलं, “आई, माकडां वायट असत?” मी तिच्या वेणीची रिबीन सोडून पुन्हा बांधली. डबा आणि त्यातली पूड खात्याची माणसं घेऊन गेली होती. पण वाडीत अशी पूड कुणाकुणाच्या माळ्यावर आहे ते कुणी सांगावं? आम्ही वस्तू टाकत नाही.

पहिल्या दिवशी सकाळी मी धोंड्यापुढे जाऊन बसले. टकटक केलं, कानाला हात लावला, म्हणजे त्यांना कळावं की धडा सुरू झाला. चांगलं केळं घेतलं, चीर न देता मधोमध मोडलं. अर्धं सगळ्यांना दिसेल असं सावकाश खाल्लं. उरलेलं अर्धं धोंड्यावर ठेवलं, हात जोडले आणि मागे सरून बसले.

कुणी खाली आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी उठून गेले की अर्धं केळं नाहीसं व्हायचं, पण माझ्यासमोर नाही. चौथ्या दिवशी दोन तरणी माकडं आली, हुंगून परत गेली. मी घाबरले होते, हे त्यांना दिसत असेल का, याचीच मला जास्त भीती होती. घाबरणंही ती शिकली तर? भाई रोज कुंपणाबाहेर उभा राहायचा. एकदा म्हणाला, “माका करूंदे. पाप माजा.” मी नको म्हटलं. त्याचे हात बघून माकडं काय शिकली ते आठवलं.

सहाव्या दिवशी मी पोचले तर फुटकानी आधीच बसलेली.

तिने धोंड्यावर टकटक केलं. फाटक्या कानाला हात लावला. कुठूनसं आणलेलं एक केळं तिच्यापाशी होतं. ते तिने मोडलं. अर्धं खाल्लं, सावकाश, माझ्याकडे बघत. उरलेलं अर्धं धोंड्यावर ठेवलं, हात जोडले आणि मागे सरकून बसली. टिकलीही बसली. तिचे हात आता नीट जुळत होते.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी आले त्याआधी तिने काय केलं होतं, ते मी पाहिलेलं नव्हतं. तिने खाल्लेलं अर्धं आणि समोरचं अर्धं एकाच केळ्याची होती, हे खरं. पण मध्ये क्षणभर झाडाच्या बुंध्याने तिचा हात झाकला होता. मी ते उचललं, फिरवून बघितलं. केळं आतून पांढरंच असतं.

“हर्षू, खाव नको!” भाई कुंपणाबाहेरून ओरडला. “टाक ता!”

टाकता आलं असतं. पण त्या रविवारी मी एक केळं टाकलेलं त्यांनी पाहिलं होतं. हेही टाकलं तर दिलेलं फळ टाकायचं, हेच माणसं करतात, असं ठरलं असतं. मग पुढच्यांनी ते गिरवलं असतं. आणि परवा केळी घेऊन माणसं आली असती, हातमोजे घालून, आणि फांद्यांवरून कुणीतरी तेही बघितलं असतं. त्यानंतर कुठल्या तरी वाडीत, कुठल्या तरी रेवूपुढे...

मी डाव्या कानाला हात लावला. तो लावताना लक्षात आलं, की हा धडा म्हणून लावलेला नाही. भीती वाटली म्हणून लावला. समोर फुटकानीनेही लावला.

मी केळं तोंडात घातलं. गोड आहे की कडू, हे कळायला जीभ ठिकाणावर नव्हती. बेचाळीस माकडं माझ्या गळ्याकडे बघत होती. मी चावलं आणि गिळलं.

टिकली दोन पावलं पुढे आली. तिच्या तोंडात काही नव्हतं. माझ्याकडे बघत तिने मान वर केली आणि तो रिकामा घास गिळला.